आई कोण? शास्त्राचे आणि कायद्याचे उत्तर



आजवर आई कोण हा प्रश्न कोणी विचारीत नसे. जिच्या पोटी मूल आले ती त्याची आई. आता मात्र एकीचे स्त्रीबीज घेऊन, प्रयोगशाळेत गर्भ तयार करून, तो दुसरीच्या उदरात वाढविता येतो. अशा दुसऱ्या स्त्रीला इंग्रजीत सरोगेट आणि हेब्रूत पुंदकाईत म्हणतात. आपले यहुदीपण आईवरून ठरते. म्हणून मुलाची आई कोणती, हे नीट समजून घेतले पाहिजे.

शास्त्र काय सांगते?

साराने हागारला आणि राहेलने बिल्हाला पुढे केले, ही उदाहरणे पुष्कळ जण देतात. पण ती येथे पुरती लागू पडत नाहीत. त्या दासींनी स्वतःच्याच बीजाची मुले प्रसविली होती.

अधिक जवळची कथा लेआची आहे. योनाथानच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या तार्गूमप्रमाणे योसेफ लेआच्या उदरात होता आणि दीना राहेलच्या. देवाने दोघांची अदलाबदल केली. तरी तोरा दीनाला लेआची मुलगी म्हणते आणि योसेफाला राहेलचा पुत्र. यावरून कित्येक रब्बी म्हणतात की, जन्म देणारी तीच आई. इतरांचे उत्तर असे की, कथेवरून हालाखा ठरत नाही.

तलमूदात, यवामोथमध्ये, एक ठोस प्रसंग आहे. गरोदर स्त्रीने यहुदी धर्म स्वीकारला आणि नंतर तिला जुळे मुलगे झाले. गर्भ धर्मांतरापूर्वीचा असूनही आईकडून ते एकमेकांचे भाऊ मानले जातात. अर्थात नाते जन्माने जडते. रब्बी झाल्मान नहेम्या गोल्डबर्ग यांचे मत जन्मदात्रीच्या बाजूचे होते. दुसरे रब्बी बीज देणारीला आई मानतात. एकमत नाही. म्हणून दोघींपैकी एक यहुदी नसेल, तर संशय राहू नये यासाठी पुष्कळ रब्बी मुलाला मिकव्यात तविला देऊन धर्मात घ्यावे असे सांगतात.

कायदा काय सांगतो?

इस्रायलने 1996 साली याचा स्वतंत्र कायदा केला. त्याप्रमाणे करार आधी समितीपुढे मंजूर व्हावा लागतो. समितीत डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, समाजसेवक, कायदेतज्ज्ञ आणि धर्मगुरू असतात. स्त्रीबीज सरोगेटचे असता कामा नये. सरोगेट व होणारी आई एकाच धर्माच्या असाव्यात, अशी अटही त्या कायद्याने घातली. त्यामागे वरील हालाखाचा विचार होता, हे उघड आहे.

मूल जन्मले की लगेच मातापित्यांचे होत नाही. सात दिवसांत त्यांनी न्यायालयाकडे ‘त्साव होरूत’, म्हणजे पालकत्वाचा हुकूम, मागावा लागतो. तोवर मुलाचा कायदेशीर पालक सरकारी समाजसेवक असतो. हुकूम झाल्यावर सरोगेटला मूल परत मागता येत नाही. प्रथम हा मार्ग फक्त स्त्रीपुरुष दांपत्यांना होता. 2018 साली एकट्या स्त्रियांना, आणि उच्च न्यायालयाच्या निर्णयाने 2022 पासून एकट्या पुरुषांना व पुरुष जोडप्यांनाही तो खुला झाला.

परदेशी जन्मलेल्या मुलाची वाट अधिक कठीण. 2010 साली मुंबईत जन्मलेल्या जुळ्यांना घेऊन त्यांचा इस्रायली पिता तेथेच अडकला होता, कारण पितृत्वाच्या तपासणीस येथील न्यायालयाने आरंभी नकार दिला. पुढे 2015 साली भारताने परदेशीयांना सरोगसी बंद केली, आणि 2021 च्या कायद्याने पैसे घेऊन केलेल्या सरोगसीलाच बंदी घातली.

आपण काय लक्षात ठेवावे?

बेने इस्राएलांना हे शिकविण्याची गरज नाही. 1962 साली लग्नाच्या नोंदीसाठी आपल्या आई-आजीच्या वंशाची चौकशी करण्याचा हुकूम रब्बीनूतने काढला. सत्याग्रह करून, 1964 साली क्नेसेतपर्यंत प्रश्न नेऊन आपल्या वडीलधाऱ्यांनी तो अपमान दूर केला. आईबद्दलचा संशय घरात काय दुःख आणतो, हे आपण पाहिले आहे.

तेव्हा आपली मुलेमुली हा मार्ग घेणार असतील तर त्यांना दोष देऊ नका. करारावर सही करण्यापूर्वी वकील आणि रब्बी या दोघांचाही सल्ला घ्यायला सांगा. न्यायालयाचा हुकूम आणि तविला झाली असल्यास बेथ दीनचा दाखला, हे दोन्ही कागद जपून ठेवायला सांगा. वीस-पंचवीस वर्षांनी ते मूल लग्नाची नोंद करायला जाईल तेव्हा ते लागतील.

आणि मुलाला मात्र पहिल्या दिवसापासून आपले म्हणा. जो अनाथाला आपल्या घरी वाढवितो त्याने जणू त्याला जन्मच दिला, असे तलमूदाने सान्हेद्रीनमध्ये मानले आहे. हुकूम न्यायालय देईल, पण वाढविण्याचे काम आपले आहे.