चिपळूणला उघडे राहिलेले दार

सह्याद्रीच्या पायथ्याशी, रत्नागिरी जिल्ह्यात पोफळी हे गाव आहे. कोयनेचे पाणी डोंगर पोखरून येथे आणले आहे आणि भूमिगत वीजगृहातील यंत्रे त्यावर फिरतात. पहिल्या दोन टप्प्यांची मिळून ती आठ आहेत. त्यांतील पहिले १९६२ साली सुरू झाले. पाणी एकाच जलाशयाचे. परंतु एक यंत्र दुरुस्तीसाठी थांबविले, तरी बाकीची सात फिरत राहतात. एवढे ध्यानात ठेवावे.

समजा, याच गावची एक मुलगी शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्यासाठी चिपळूणला एका दुकानातील संगणकावर बसली. परवलीचा शब्द घालून तिने आपले ईमेलचे खाते उघडले. अर्ज पाठविला, आणि एस. टी.ची वेळ झाली म्हणून पडद्यावरील खिडकी मिटवून ती लगबगीने निघाली. रात्री जेवताना तिला आठवले, लॉगआउट करावयाचे राहूनच गेले! खात्यात आधार कार्डाची प्रत होती, आईच्या पासबुकाची प्रत होती. सकाळी त्या खुर्चीवर कोण येऊन बसेल, कोण जाणे!

खिडकी मिटली म्हणजे दार लागले, अशी तिची समजूत होती. पण ते दार लागत नाही. संकेतस्थळाचा सर्व्हर, म्हणजे दूर कोठेतरी असलेला मोठा संगणक, ज्या नियमांनी बोलतो, ते मुळात मोठे विसराळू आहेत. मागितलेले पान दिले, की मागणारा कोण होता याची आठवण उरत नाही. दर पानाला परवलीचा शब्द विचारला, तर माणूस त्रासून जाईल. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुणाने यावर तोड काढली. सर्व्हरने एक लहानशी खूण द्यावी. ब्राउझरने ती जपावी आणि प्रत्येक मागणीबरोबर दाखवावी. या खुणेचे नाव 'कुकी'. कोणी लॉगिन केले, की सर्व्हर अशा खुणेत एक लांबलचक, तर्काने न ओळखता येणारा अंक घालून देतो व तोच आपल्या नोंदवहीत मांडून ठेवतो. ती नोंद आहे तोवर सत्र चालू.

मुलीचे खाते आईच्या मोबाइलवरही उघडलेले होते. खाते एकच, पण मोबाइलची खूण निराळी, दुकानातील संगणकाची निराळी. वीजगृहातील यंत्रांप्रमाणे एकीला बंद केले, तरी दुसरी चालूच राहते.

तिने मोबाइलवर खात्याच्या सुरक्षिततेचे पान काढले. तेथे उपकरणांची यादी होती: एक मोबाइल, एक संगणक. संगणकापुढे गाव मात्र मुंबई लिहिलेले! ही गावे अंदाजाने दिलेली असतात. त्यावरून घाबरण्याचे कारण नाही. वेळ व उपकरण जुळते का, हे पाहावे. परवलीचा शब्द बदलावा, असेही तिच्या मनात आले. परंतु तो बदलल्यावर काही संकेतस्थळे जुनी सत्रे मोडतात, काही मोडीत नाहीत. म्हणून तिने आधी यादीतील संगणकाचे सत्र बंद केले व मग शब्द बदलला.

सकाळी दुकान उघडले. खूण त्या संगणकात तशीच पडून होती. कोणीतरी ते पान उघडले. खूण सर्व्हरकडे गेली. नोंदवहीत तो अंक नव्हता. पडद्यावर परवलीच्या शब्दासाठी रिकामा चौकोन आला.