मजुरी नव्हे, कृपा

सोनाळा म्हटलं की लोकांना सोनाजी महाराजांची यात्रा आठवते. सातपुड्याच्या पायथ्याच्या या भाविक गावात आमचं घर ख्रिस्ती. देवाचं प्रेम कमवावं लागत नाही, हे तोंडपाठ होतं; अंगी मुरायला मात्र वर्षं लागली. त्यातून शिकलेलं थोडं सांगतो.

१. देवाकडे वजनकाटा नाही.
कापूस वेचणीला आमच्याकडे किलोवर मजुरी. संध्याकाळी गाठोडं काट्यावर चढतं, जेवढं वजन तेवढे पैसे. शेतात हा हिशेब रास्तच आहे. पण एवढे उपास, एवढं दान, मग देव एवढा प्रसन्न, असा हिशेब प्रार्थनेत चालत नाही. पौलाने इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तारण हे देवाचं दान म्हटलं आहे.

२. बाप चाकर ठेवत नाही.
लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या मुलगा ‘मला मजूर म्हणून ठेवा’ असं म्हणायचं ठरवून घरी निघतो. बाप त्याला तेवढं बोलूच देत नाही; झगा, अंगठी, जोडे मागवतो. थोरला भाऊ मात्र वर्षानुवर्षं राबल्याचा हिशेब मांडतो. चर्चमध्ये वाढलेल्या आपण मंडळींनी या थोरल्याची गोष्ट पुन्हा पुन्हा वाचावी.

३. उशीर झाला तरी घाबरू नये.
पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे झाला. तरी ‘ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त नाही’ ही जाणीव त्यांना सुमारे आठ वर्षांनी झाली, आणि तिथून पुढे मनाला शांती लाभली. एवढ्या विदुषीला वेळ लागला, मग आपल्यालाही लागेल.

४. हातून काही होईना, तरी आपण त्याचेच.
आजी खाटेला खिळली तेव्हा पाळक घरी प्रभुभोजन घेऊन येत. एकदा तिने हात मागे घेतला. “मी आता देवाच्या काय कामाची राह्यली, बाबा? ना उठता येत, ना गुडघे टेकता येत.” पाळक खाटेजवळ बसत म्हणाले, “तुमाले काम सांगाले नाही आलो, आजी. जेवू घालाले आलो.” तिला चावत नव्हतं. आईने भाकरीचा तुकडा द्राक्षरसात भिजवून तिच्या ओठांना लावला. आजीने तो घेतला.

५. सेवा मागून येते.
१८९७च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या, केडगावात त्यांना सांभाळलं. देवाने आपलंसं करावं म्हणून त्यांनी हे केलं नाही. त्याने आपलंसं केलं होतं, म्हणून केलं.

आज रात्री प्रार्थनेला बसाल तेव्हा दिवसभराच्या चांगल्या-वाईटाची यादी बाजूला ठेवा. “बापा, तू दिलंस, मी घेतलं,” एवढंच म्हणा, आणि निवांत झोपा.