नातीच्या मेंदूत पाण्याची गाठ

प्रश्न : नात पाच महिन्यांची आहे. डोकं भराभर वाढतंय. सोनोग्राफीत मेंदूत पाण्याची गाठ निघाली. गावात म्हणतात, टाळू भरली की बसेल. ऑपरेशन करावंच लागेल का?
– एक आजी, खालापूर तालुका

उत्तर : आजी, टाळूला तेल खुशाल लावा, पण त्याने गाठ बसत नाही. ही बहुधा अरॅक्नॉइड सिस्ट असावी, म्हणजे मेंदूच्या आवरणात साठलेलं पाणी. हा कॅन्सर नव्हे. अशा बऱ्याच गाठींना हातही लावावा लागत नाही. तुमच्या नातीचं डोकं मात्र वाढतंय, तेव्हा थांबू नका. या वयात घेर महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो. डोक्याच्या घेराच्या जुन्या नोंदी असतील तर सोबत न्या.

एमआरआय हवाच. कारण पिट्युटरी ग्रंथीच्या वर वाढणारी दुर्मीळ गाठ वरवर जलशीर्षासारखी (मेंदूतल्या पोकळ्यांत पाणी साठल्यासारखी) दिसते आणि फसवते. पोकळ्यांतलं पाणी काढायला नुसती नळी बसवली तर पाणी उतरतं, गाठ तशीच राहते. तिथे दुर्बिणीने गाठीला छिद्र पाडून पाणी मेंदूतल्या पोकळ्यांत मोकळं करतात. ते जमण्यासारखं नसेल तर गाठीतून पोटात सोडलेली नळी. ती पुढे तुंबू शकते, बदलावी लागते.

जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग असलं तरी तुम्हाला लोकलने परळच सोयीचं. तिथे वाडिया बालरुग्णालय आणि केईएम आहे. महात्मा फुले योजनेची चौकशी तिथेच करा. उलट्या, सुस्ती, आकडी किंवा बुबुळं खाली वळलेली दिसली, तर लोकल नको, 108 बोलवा.