विजेच्या दाबाची नोंद ठेवणारें यंत्र

मोटार जळाली म्हणजे आपण ती भरून आणतों आणि वीज कार्यालयांत जाऊन दाब कमी असल्याची तक्रार करतों. दाब केव्हां व किती कमी होता, असें तेथें विचारलें कीं आपण निरुत्तर होतों. तारीखवार नोंदीवांचून तक्रार लंगडी पडते, हें दप्तरांत जन्म घालविल्यामुळें आम्हांस पुरतें ठाऊक आहे. म्हणून आम्हीं आपल्या विहिरीवर एक नोंदयंत्र बसविलें. त्याची रीत येथें देतों.

एक फेज व न्यूट्रल यांमधील दाब २३० व्होल्ट धरतात. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत जाहीर दाबाहून शेकडा ६ ची कमीजास्ती चालत असे. त्या मापानें २१६ ते २४४ व्होल्ट येतात. मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणें घटतो. २३० चे १८४ झाले तर सुरू होतांना जोर शेकडा ६४ च उरतो. चालू पंप ओढण्यास मग मोटार अधिक अँपिअर घेते, आणि अँपिअर शेकडा २० वाढले तर वाइंडिंगमधील उष्णता शेकडा ४४ वाढते.

यंत्रास पीझेम-००४टी जातीचीं तीन मापकें व ईएसपी-३२ ही वायफायची पट्टी लागते. हें मापक ८० ते २६० व्होल्ट मोजतें, आणि तारेभोंवतीं घातलेल्या कड्यानें अँपिअर मोजतें. प्रत्येक मापक एक फेज व न्यूट्रल यांमध्येंच जोडावें. दोन फेजांमध्यें जोडल्यास ४०० व्होल्टांनीं तें जळेल. एकाच तारेवर तिन्ही बोलणार असल्यामुळें अगोदर एकेकटें जोडून प्रत्येकास निराळा क्रमांक द्यावा. जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करवावी. पट्टीस स्वतंत्र बॅटरी द्यावी, नाहीं तर वीज गेल्याचा क्षणच नोंदींतून निसटतो.

दर मिनिटाचा किमान, कमाल व सरासरी आंकडा मोबाईलच्या इंटरनेटवरून गूगल शीटमध्यें जावा. रेंज नसेल तेव्हां तो मेमरी कार्डांत राहावा. मोटार बंद असतां फेज गेला तर त्याचें मापक उत्तरच देत नाहीं. तें बिघडलें असें समजूं नये, ‘फेज नाहीं’ असें लिहावें. मात्र चालत्या मोटारीचा एक फेज तुटला तर मोटार स्वतःच त्या तारेवर दाब उत्पन्न करते आणि व्होल्टचा आंकडा फसवितो. तेथें अँपिअर पाहावे: तुटलेल्या फेजांत शून्य, उरलेल्या दोहोंत सुमारें पावणेदोन पट. काटकसरीनें आम्हीं प्रथम कडीं घेतलीं नव्हतीं, तें चुकलें.

आतां मुख्य गोष्ट. आपले अँपिअर शून्य असतांही दाब पडला, तर दोष डीपीवरच्या भाराचा किंवा लाईनचा. आपला पंप सुरू होतांच पडला व बंद होतांच पूर्ववत् झाला, तर प्रथम आपली केबल व तिचे जोड तपासावे. आम्हीं तक्रारीचा अर्ज लिहून ठेवला होता. आठ दिवसांची नोंद पाहिली तेव्हां दोष खांबापासून आमच्या पेटीपर्यंतच्या केबलींतील एका सैल जोडाचा निघाला. अर्ज तसाच राहिला. ज्यांची नोंद पहिल्या प्रकारची निघेल त्यांनीं ती अर्जास जोडून, दाब ज्या वेळीं पडतो त्याच वेळीं अधिकृत मीटर लावण्याची मागणी करावी.