माळ्यावरचा दोर

नाशिक, रविवार

चि. बंड्यास,


तुझा निरोप पोचला. डिसेंबरात बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड चढायचा, बारा जण जमलेत आणि माझ्या माळ्यावरचा दोर नि हेल्मेट हवंय. बेत उत्तम. दोर आणि हेल्मेट मिळणार नाही.

आत्या चिक्कू झाली म्हणू नकोस. तो दोर मी १९९८ साली घेतला. पिशवीत गुंडाळून, उन्हाबाहेर ठेवलाय, दिसतो अजून नव्यासारखा. पण नायलॉन नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. न वापरलेला दोरही दहा वर्षांनी बाद करा, असं तो बनवणारेच सांगतात. त्यातून एकदा परतीच्या वाटेवर तो जीपमध्ये बॅटरीशेजारी रात्रभर पडून होता. ॲसिडच्या वाफेनेसुद्धा दोर आतून कुजतो आणि वरून काही कळत नाही. त्याला लोंबकळून खात्री करून घ्यायची मला हौस नाही, तुलाही नसावी.

हेल्मेटची गोष्ट तुला कधी सांगितली नव्हती. आम्ही आठ जण त्याच नळीत होतो. मी वरून तिसरी. घसाऱ्यावर पाय टाकला आणि नारळाएवढा धोंडा सुटला. मी ‘दगड!’ म्हणून ओरडले. खालच्या मित्राने जे कुणीही करेल तेच केलं, वर पाहिलं. धोंडा हेल्मेटला घासून खांद्यावर बसला, गळ्याचं हाड मोडलं. ते हेल्मेट माझं होतं. त्याच्याकडे नव्हतं म्हणून सकाळी मी त्याला दिलं होतं, म्हणजे मी स्वतः दिवसभर उघड्या डोक्याने चढत होते. त्याला खाली बेलपाड्यात आणायला मध्यरात्र झाली. हेल्मेटच्या कवचाला केसाएवढी चीर आहे. एक मार खाल्लेलं हेल्मेट दुसरा मार झेलेलच असं नाही, म्हणून ते माळ्यावर आहे, कुणाच्या डोक्यावर नाही.

तू पॅचबद्दल विचारलंस. कातळटप्प्यांची भीती सगळ्यांनाच वाटते, म्हणून तिथे सगळे जपून असतात. मला नळीची धास्ती जास्त. नळी म्हणजे कड्याचं गटार. दर पावसाळ्यात वरचा ठिसूळ कातळ सुटतो आणि त्याच वाटेने खाली येतो. तू ज्या धोंड्यांवरून चढणार, ते सगळे कधीतरी वरून आलेलेच आहेत. तिथे तुझ्या चुकीची किंमत बहुतेक वेळा खालचा माणूस मोजतो. म्हणून बारा जण मला फार वाटतात. सहा न्या. उभ्या भागात एकाने चढायचं, बाकीच्यांनी त्याच्या रेषेबाहेर, कातळाला चिकटून थांबायचं. फोटोसाठीही खाली उभं राहायचं नाही. दगड सुटला तर लहान असो की मोठा, ओरडायचं. ऐकणाऱ्याने वर न बघता भिंतीला अंग चिकटवायचं. हे घराजवळच्या टेकडीवर चार वेळा करून बघा. ऐन वेळी मान आपोआप वर जाते. एरवी मात्र आरडाओरडा नको, धूर नको, अंगाला अत्तर नको. कड्याला आग्या मोहोळं असतात.

हेल्मेट प्रत्येकाला हवं आणि ते गिर्यारोहणाचंच. मोटरसायकलचं चालत नाही. जड असतं, कान झाकतं, मग ‘दगड’ ऐकू कसं येणार? दोर ज्याच्या जिवावर पुढचा माणूस चढणार, तो ताणला जाणारा, म्हणजे डायनॅमिक हवा. पडणाऱ्याचा झटका तो स्वतः पितो. रॅपलिंगचा स्टॅटिक दोर फारसा ताणला जात नाही, मग जवळजवळ सगळा झटका माणसाच्या कंबरेला आणि वरच्या अँकरला बसतो. दुकानदार ‘मजबूत आहे’ म्हणेल, ते दोन्हींबद्दल खरंच असतं. आमच्या वेळी काही जण कमरेलाच दोर बांधून चढत. तसं लोंबकळलं तर काही मिनिटांत श्वास कोंडतो. हार्नेस घ्या, आठाची गाठ प्रत्येकाला डोळे मिटून मारता यायला हवी, आणि बिले देणाऱ्याने, म्हणजे चढणाऱ्याचा दोर सांभाळणाऱ्याने, बिलेच द्यायचा, गप्पा नाही.

बुटांवर फार पैसे घालू नकोस, आपल्या कातळावर स्वस्तातले ॲक्शनचे बूट छान धरतात. पाणी मात्र माणशी चार लिटर. नळीत त्या दिवसांत पाण्याचा भरवसा नसतो आणि हजार मीटरहून जास्त चढ आहे, आठ-दहा तास सहज लागतात. पहाटे उजेड फुटताच निघा. गावातला माहीतगार माणूस बरोबर घ्या. दुपारी दोनपर्यंत शेवटचे पॅच दिसत नसतील तर वर जाण्यापेक्षा खाली येणं बरं, पण ते तिथे ठरवू नका, बेलपाड्यात चहा घेतानाच ठरवा. वर पोचलात तर उतरताना नळी नकोच, पाचनईने किंवा टोलार खिंडीतून खिरेश्वरला या.

नळीत फोन लागेलच असं नाही. नावं, वाट आणि परतीची वेळ लिहिलेला कागद गावात एकाकडे आणि घरी वहिनीकडे ठेव. महाराष्ट्र माउंटेनीअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा नंबर त्यावर लिही. ते लोक येतात, पण स्ट्रेचर माणसांनाच खांद्यावरून उतरवावं लागतं, हे लक्षात असू दे.

तुझ्या हेल्मेटचे पैसे पाठवलेत. पावती मला दाखव. दोर काल माळ्यावरून काढला आणि विळीवर कापून टाकला, पुन्हा कुणी मागायला नको. त्याचे दोन तुकडे वहिनीला पाठवतेय, गॅलरीत कपडे वाळत घालायला.

तुझी,
आत्या