लाकडी नक्षीवरचे सरी-वरंबे

घराचा मुख्य दरवाजा, देवघराची महिरप, चौरंगाची कड यांवरची लाकडी नक्षी तुम्ही अनेकदा पाहिली असेल. पूर्वी ही नक्षी पटाशी आणि मोगरी घेऊन कारागीर हाताने कोरीत असत. कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात एकोणिसाव्या शतकात गरुड मंडप उभा राहिला, तेव्हा त्याचे लाकडी खांब आणि कमानी अशाच हातांनी घडवल्या गेल्या. आज दरवाजे आणि देवघरे बनवणाऱ्या पुष्कळ कारखान्यांत कोरण्याचे काम सीएनसी यंत्र करते. सीएनसी म्हणजे संगणकाने अंकांच्या आज्ञा देऊन चालवलेले यंत्र. अंकांच्या आज्ञेवर चालणारे कापकामाचे यंत्र अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत १९५२ मध्ये प्रथम दाखवण्यात आले. ते धातू कापण्यासाठी होते. पुढे तीच युक्ती लाकडाकडे आली.

परंतु यंत्रातून निघालेली फळी लगेच दारावर बसवता येत नाही. ती पॉलिश पेपरने घासावी लागते आणि मग तिच्यावर पॉलिश चढते. इतके अचूक यंत्र असताना हे घासकाम का उरते? किती उरते? आणि ते कोणाच्या वाट्याला येते? या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी दहावीचे गणित पुरेसे आहे.

यंत्र कसे कोरते?

यंत्राच्या फिरत्या दांड्याला एक बिट बसवलेले असते. बारीक नक्षीसाठी त्याचे टोक अर्धगोल असते. हे टोक फळीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाते, थोडे बाजूला सरकते आणि परत येते. शेतात नांगर फिरावा तसेच हे असते. नक्षीच्या चढउताराप्रमाणे बिट खालीवर होत राहते.

प्रत्येक फेरीत गोल टोकाने एक उथळ चर पडतो. शेजारच्या दोन चरांच्या मध्ये लाकडाचा एक बारीक कंगोरा शिल्लक राहतो. उसाच्या रानातले सरी-वरंबे आठवा. चर म्हणजे सरी आणि कंगोरा म्हणजे वरंबा. फरक एवढाच की, येथला वरंबा केसाच्या जाडीएवढा किंवा त्याहूनही लहान असतो.

वरंब्याची उंची

बिटाच्या गोल टोकाचा मध्य, चराचा तळ आणि कंगोऱ्याचा माथा हे तीन बिंदू कागदावर काढा. मध्यापासून माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे टोकाची त्रिज्या. हा झाला काटकोन त्रिकोणाचा कर्ण. एक बाजू म्हणजे फेऱ्यांमधील अंतराचा अर्धा भाग. दुसरी बाजू म्हणजे त्रिज्येतून कंगोऱ्याची उंची वजा केल्यावर उरते ती. पायथागोरसचे प्रमेय लावा. उंचीचा वर्ग फारच लहान म्हणून सोडून द्या. उत्तर असे मिळते:

कंगोऱ्याची उंची = (अंतर × अंतर) ÷ (८ × त्रिज्या)

प्रयोगशाळेत स्फेरोमीटरने भिंगाची वक्रता मोजताना जे सूत्र वापरतात, त्याचेच हे भावंड आहे.

आता आकडे घालू. समजा, बिटाच्या टोकाचा व्यास ३ मि.मी. आहे, म्हणजे त्रिज्या १.५ मि.मी. फळी ३० से.मी. लांब व तितकीच रुंद आहे आणि बिट सरासरी मिनिटाला २ मीटर या वेगाने चालते.

अंतर १.२ मि.मी. : उंची सुमारे ०.१२ मि.मी. : वेळ सुमारे ३७ मिनिटे
अंतर ०.६ मि.मी. : उंची ०.०३ मि.मी. : वेळ ७५ मिनिटे
अंतर ०.३ मि.मी. : उंची ०.००७५ मि.मी. : वेळ अडीच तास
अंतर ०.१५ मि.मी. : उंची सुमारे ०.००२ मि.मी. : वेळ पाच तास

या आकड्यांतला नियम ध्यानात घ्या. अंतर निम्मे केले की यंत्राचा वेळ दुप्पट होतो आणि कंगोरा मात्र एकचतुर्थांश होतो. मग अंतर कमी कमी करीत का जाऊ नये? कारण लाकूड स्वतःच सच्छिद्र आहे. झाडाच्या खोडात पाणी वर नेणाऱ्या वाहिन्या असतात. सागवानात त्यांपैकी काही ०.२ मि.मी.हूनही रुंद असतात. जेथे लाकडाचीच छिद्रे एवढी मोठी, तेथे कंगोरा हजारांश मिलिमीटरवर आणून काही साधत नाही.

आणखी एक गोष्ट. वरचे आकडे सपाट भागाचे आहेत. नक्षीतील पानाची बाजू ६० अंशांच्या उताराची असेल आणि बिटाच्या फेऱ्या तिच्या पायथ्याला समांतर जात असतील, तर उतारावर मोजलेले अंतर वाढते. ते मूळ अंतर भागिले कोज्या ६०, म्हणजे दुप्पट होते. उंची अंतराच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे कंगोरा चौपट होतो. खोल नक्षीच्या बाजू हाताला जास्त खरखरीत लागतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे. नेमके तेथेच पॉलिश पेपर पोचणेही अवघड असते.

पॉलिश पेपरवरचे आकडे

पॉलिश पेपरच्या मागे ८०, १२०, १८०, ३२० असे आकडे छापलेले असतात. पूर्वी दाणे चाळणीने वेगळे करीत. चाळणीच्या एक इंच लांबीत छिद्रे जितकी जास्त, तितका आकडा मोठा आणि दाणा बारीक. आज प्रचलित असलेल्या युरोपीय मापानुसार ८० नंबरचा दाणा सरासरी ०.२ मि.मी., १२० चा ०.१२५, १८० चा ०.०८२, २४० चा ०.०५८ आणि ३२० चा ०.०४६ मि.मी. असतो.

प्रत्येक दाणा ही एक चिमुकली पटाशी आहे. ती लाकडावर ओरखडा काढते. म्हणजे घासणे याचा अर्थ ओरखडे घालवणे असा नसून मोठ्या ओरखड्यांच्या जागी लहान ओरखडे आणणे असा आहे. डोळ्याला आणि बोटाला जाणवणार नाहीत इतके ते लहान झाले की आपण पृष्ठभाग गुळगुळीत झाला असे म्हणतो.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, सुरुवात गरजेपेक्षा जाड दाण्याने करू नये. कंगोरे ०.०३ मि.मी.चे असताना ८० नंबरचा कागद मारला, तर यंत्राच्या खुणा जाऊन त्यांहून खोल ओरखडे पडण्याचा धोका असतो. अशा वेळी १८० पासून सुरुवात करणे शहाणपणाचे. दुसरा, मधल्या पायऱ्या गाळू नयेत. ८० नंतर एकदम ३२० घेतला, तर बारीक दाणे ओरखड्यांचे फक्त माथे चोळत बसतात. तळापर्यंत पोचायला त्यांना फार वेळ लागतो.

घासताना हात लाकडाच्या रेषांच्या दिशेने चालवावा. लाकडाचे तंतू गवताच्या पेंढीसारखे एका दिशेने असतात. आडवा ओरखडा असंख्य तंतू तोडतो. तुटलेली टोके रंग जास्त शोषतात आणि पॉलिशनंतर तेथे काळपट रेघ उमटते.

नाकाचा शेंडा का झिजतो?

गणपतीच्या मूर्तीची सोंड किंवा मोराची चोच घासताना ती बोथट झालेली दिसते. याचे कारण दाबात आहे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ. हाताचे १० न्यूटन बल ५० चौ. से.मी.च्या सपाट ठोकळ्यावर पसरले, तर दर चौ. से.मी.ला ०.२ न्यूटन येते. तेच बल पाव चौ. से.मी.च्या टोकावर पडले, तर दर चौ. से.मी.ला ४० न्यूटन! दाब दोनशेपट झाला आणि त्या प्रमाणात झीजही वाढली. उलट शेजारच्या खळग्याला कागद शिवतही नाही. कंगोरा कोणता आणि चोच कोणती, हे पॉलिश पेपरला कळत नाही. जे उंच असेल ते तो खातो.

म्हणून अनुभवी कारागीर सपाट चौकटीला कागद लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासतात आणि नक्षीसाठी कागदाच्या मागे स्पंज धरतात. मऊ स्पंज दबतो, खळग्यात शिरतो आणि बल मोठ्या क्षेत्रावर वाटतो. अरुंद फटींसाठी कागदाची पट्टी घडी घालून वापरतात.

लव का उभी राहते?

घासून गुळगुळीत केलेल्या फळीवर ओला फडका फिरवा आणि वाळू द्या. ती पुन्हा खरखरीत लागेल. कापताना आणि घासताना काही तंतू तुटत नाहीत, नुसते दबून आडवे पडतात. तंतूंमधील सेल्युलोज पाणी शोषून फुगते आणि दबलेले तंतू उभे राहतात. पाणी असलेला रंग लावला तरी हेच होते. म्हणून शहाणा कारागीर ही लव आधीच मुद्दाम उभी करतो आणि वाळल्यावर ३२० नंबरच्या कागदाने अलगद कापतो. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून तिचा पातळ हात दिला, तरी लव कडक होते आणि सहज कापली जाते.

शेवटची तपासणी उजेडाची. समोरून पडणाऱ्या उजेडात कंगोरे दिसत नाहीत. उजेड एका बाजूने, जवळजवळ फळीला समांतर पाडला, की प्रत्येक कंगोऱ्याची सावली पडते. संध्याकाळच्या उन्हात माळावरची लहान ढेकळेसुद्धा उठून दिसतात, तसेच हे आहे. ही तपासणी पॉलिशच्या आधीच करावी. पॉलिशने पृष्ठभाग चकाकतो आणि चकाकी उरलेला प्रत्येक कंगोरा दाखवून देते.

धुळीचा हिशेब

आता सर्वांत महत्त्वाचा हिशेब. कंगोरे घासून गेले म्हणजे त्यांचे लाकूड कोठे गेले? त्याची धूळ झाली. सरासरीने पाहिले तर कंगोऱ्यांचे लाकूड म्हणजे त्यांच्या उंचीच्या एकतृतीयांश जाडीचा थर. १.२ मि.मी. अंतराने कोरलेल्या आपल्या फळीवर हा थर ०.०४ मि.मी.चा, म्हणजे ३.६ घन से.मी. लाकडाचा होतो. सागवानाचे हे वजन साधारण २.३ ग्रॅम भरते. अंतर ०.६ मि.मी. ठेवले असते तर ते याच्या एकचतुर्थांश असते.

दोन ग्रॅम म्हणजे काहीच नाही असे वाटेल. पण कारखान्यातील हवेसाठी युरोपीय संघाने २०२३ पासून कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा घनमीटरला २ मिलिग्रॅम ठेवली आहे. ही आठ तासांची सरासरी होय. ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच खोलीत ६० घनमीटर हवा असते. आपल्या धुळीचा फक्त विसावा भाग हवेत तरंगला, तरी बंद खोलीत घनमीटरला जवळजवळ २ मिलिग्रॅम धूळ होते. ही झाली एकाच फळीची गोष्ट.

ही धूळ लवकर खाली बसत नाही. पाण्याइतक्या घनतेचा, १० मायक्रॉन व्यासाचा गोल कण स्टोक्सच्या नियमानुसार सेकंदाला सुमारे ३ मि.मी. वेगाने पडतो. दीड मीटर उंचीवरून जमिनीवर यायला त्याला आठ मिनिटे लागतात. ५ मायक्रॉनच्या कणाला अर्ध्या तासाहून जास्त लागतो, तोही हवा अगदी स्थिर असेल तर. म्हणजे घासकाम थांबल्यावरही कामगार धूळच श्वासात घेत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातली आहे. नाक आणि नाकालगतच्या पोकळ्या यांना तिचा मुख्य धोका आहे.

तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही. घासण्याच्या जागीच धूळ ओढून घेणारा पंखा किंवा व्हॅक्यूम हवा आणि चेहऱ्याला नीट बसणारा एन-९५ मास्क हवा. फळीवरची धूळ हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी. जवसाचे तेल लावलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ते तेल वाळताना हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावते आणि उष्णता निर्माण होते. ती उष्णता गोळ्यात कोंडली तर फडके आपोआप पेट घेऊ शकते. फडकी पसरून वाळवावीत.

आता पुन्हा ते आकडे पाहा. अंतर ०.६ वरून १.२ मि.मी. केले की यंत्राची सुमारे ३७ मिनिटे वाचतात. त्याच वेळी कंगोरे आणि धूळ चौपट होतात आणि ते काम घासणाऱ्याच्या हातावर व छातीवर येऊन पडते.  यंत्रावर अंतराचा आकडा घालणाऱ्याने हा हिशेब केला पाहिजे.

करून पाहा

१. टाकाऊ लाकडाचे दोन तुकडे घ्या. एक ८०, १२०, १८०, ३२० या क्रमाने आणि दुसरा ८० नंतर एकदम ३२० ने, प्रत्येकी तितकाच वेळ घासा. काम मोकळ्या हवेत आणि मास्क लावून करा. अंधारात टॉर्च तिरपी धरून दोन्ही पाहा.

२. त्यांवर ओला फडका फिरवा, वाळू द्या आणि बोट फिरवून फरक नोंदवा.

३. ६ मि.मी. व्यासाचे गोल टोक आणि ०.६ मि.मी. अंतर असता कंगोऱ्याची उंची काढा. मोठे बिट वापरून कंगोरे कमी होतात, तर बारीक नक्षीला ते का चालत नाही?

४. उतार ४५ अंशांचा असेल तर कंगोरा किती पट होईल?