पहिले शील आणि परसातल्या गोगलगायी



मागच्या मे महिन्यात इथे इंग्लंडमध्ये मी घरामागच्या वाफ्यात मेथी पेरली. कोवळे कोंब वर आले आणि एका सकाळी वाफा साफ! स्लगनी, म्हणजे शंख नसलेल्या गोगलगायींनी, रात्रीत सगळे खाल्ले होते. शेडमध्ये निळ्या गोळ्यांचा जुना डबा होता. तो हातात घेतला आणि आदल्या रविवारी विहारात घेतलेले पहिले शील आठवले.

त्या गोळ्यांतल्या मेटाल्डिहाइडवर ग्रेट ब्रिटनमध्ये २०२२ पासून बंदी आहे, कारण पक्षी आणि इतर प्राणीही त्याने दगावतात. डबा कौन्सिलच्या कचरा केंद्रात दिला. पण कायद्याने शीलाचा प्रश्न सुटत नाही. पर्यावरणपूरक म्हणून विकले जाणारे नेमाटोड नावाचे सूक्ष्म कृमीदेखील स्लग मारण्यासाठीच मातीत सोडतात. ‘सेंद्रिय’ म्हणजे ‘अहिंसक’ नव्हे.

विनयपिटकाच्या महावग्गात वर्षावासाची कथा आहे. भिक्खू पावसाळ्यातही फिरतात, हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा भगवंतांनी त्या काळात एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. जिवांना हटवले नाही, आपले चालणे आवरले. मी तेच बागेत करून पाहिले. मेथी-कोथिंबीर खिडकीतल्या कुंड्यांत आणली. भोपळ्याची रोपे आतच वाढवून, देठ जून झाल्यावर बाहेर लावली. पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घालते, म्हणजे रात्री माती ओली राहत नाही. अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन स्लग उचलते आणि कंपोस्टच्या ढिगावर ठेवते. ब्रिटनमध्ये त्यांच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. त्यातल्या थोड्याच आपली रोपे खातात, बाकीच्या बऱ्याचशा कुजका पाला खाऊन जमीन सुधारतात.

मग जुने टब पुरून छोटे डबके केले. आत पडलेल्या जिवाला बाहेर येता यावे म्हणून एका बाजूला दगडांचा उतार, आणि नातवंडांसाठी वर जाळी. कुंपणाच्या तळाशी हेजहॉगसाठी १३ सेंटिमीटरचे चौकोनी भोक पाडले. (त्याला दूध देऊ नका, पोट बिघडते.) बेडूक आपणहून आले.

एका उपासिकेने विचारले, “ताई, बेडकाने स्लग खाल्ला तर दोष कुणाचा? डबके तर तुम्हीच खणले.” भगवंतांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. तहानलेल्या जिवासाठी डबके केले ही एक चेतना, बेडूक माझे काम परस्पर उरकेल ही दुसरी. खरे सांगते, माझ्या मनात दोन्ही होत्या. दुसरी ओळखू आली, एवढाच काय तो अभ्यास झाला.

आणि माणसाची भाजी? सम्राट अशोकांच्या दुसऱ्या शिलालेखात औषधी वनस्पती, विहिरी आणि झाडे यांचा उल्लेख आहे, तो माणूस आणि पशू अशा दोघांसाठी. त्यामुळे मेथीवर मी पाणी सोडलेले नाही. यंदा कुंड्यांतली सगळी मिळाली, बाहेरची निम्मी गेली. कुंपणावरची आयव्ही मात्र आता छाटत नाही. शरद ऋतूत इतर फुले संपली की मधमाश्या तिच्यावरच येतात.